होडी आली की नाही

कल्ट म्हणे. ज्या पिक्चरकडे तेव्हा कुत्रं फिरकलं नाही, मालकाने एका आठवड्यात जो घाईघाईने उतरवला, ज्याच्या पोस्टरवर दुसऱ्याच दिवशी कोणीतरी टायपिंग क्लासची जाहिरात चिकटवली, तो आता कल्ट. पडलेल्याला पडेल म्हणायची लाज वाटते म्हणून काढलेला शब्द आहे हा, दुसरं काही नाही. चालला तो क्लासिक, पडला तो कल्ट, आणि मधल्यांनी काय करायचं ते कोणी सांगत नाही. या विषयावर माझं डोकं फिरतं. ते फिरवण्यात ज्याचा सगळ्यात मोठा हात आहे, त्या माणसाबद्दल सांगतो.

त्याला सगळे बॅटरी म्हणतात. माझ्या दुकानासमोर थिएटर होतं तेव्हा तो तिथे डोअरकीपर होता. तिकीट फाडायचं, अंधारात बॅटरी मारून खुर्ची दाखवायची, समोरच्या खुर्चीवर पाय टाकून बसलेल्याच्या तळव्यावर उजेड पाडून त्याला शरमिंदा करायचं, हे त्याचं काम. थिएटर बंद झालं, तिथे आता फ्रिज आणि वॉशिंग मशीन विकतात. पण याच्या अंगातून थिएटर काही गेलं नाही. अजून पाय न वाजवता चालतो. माझ्या काउंटरसमोरून जाताना वाकून जातो, जसं काही नाहीतर मागच्या रांगेला पडदा दिसायचा राहील. एकदा बँकेच्या रांगेतही तो असाच वाकून पुढे गेला, आणि घुसतोय म्हणून लोकांनी त्याला हाताला धरून मागे आणलं.

मी चष्मेवाला. डोळे तपासतो, काचा घासतो, फ्रेमचे स्क्रू आवळतो. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा बॅटरी येतो, तपासणीच्या खुर्चीत बसतो, चहा मागवतो आणि पिक्चरचा विषय काढतो. आम्ही पिक्चर नावाने ओळखत नाही. नावं काय, कशालाही काहीही देतात. आमच्यात तो आंधळ्या घोड्याचा पिक्चर, तो न बोलणाऱ्या दोन बहिणींचा, तो ज्यात बाई सगळी भांडी विकते तो, असं चालतं. आणि भांडण झाल्याशिवाय एकही पिक्चर आमच्यातून आजवर सुटलेला नाही.

आता भांडण कशावरून, ते ऐका. या माणसाला पिक्चर तोंडपाठ. घोडा कुठल्या डोळ्याने आधी आंधळा होतो, थोरल्या बहिणीच्या खोलीतलं घड्याळ कुठल्या भिंतीवर आहे, भांडी विकणारी बाई शेवटी कुठला तांब्या मागे ठेवते, सगळं अचूक. मी मान डोलवत ऐकतो. आणि शेवट आला की हा पठ्ठ्या घसरतो. घोड्याच्या पिक्चरमध्ये मालक घोडा विकून टाकतो. मी या डोळ्यांनी पाहिलंय, पैसे मोजून घेतो आणि मागे वळूनसुद्धा बघत नाही. बॅटरी म्हणणार, नाही, तो बाजाराच्या कोपऱ्यावरून परत फिरतो. बहिणींच्या पिक्चरमध्ये थोरली घर सोडून जाते. बॅटरी म्हणणार, जाते, पण छत्री विसरली म्हणून परत येते, धाकटी दार उघडते, आणि दोघी हसायला लागतात. कोणी सांगितलं तुला? तर म्हणे, पिक्चरमध्येच आहे. जिथे माणूस मरतो तिथे याचा वाचतो, जिथे ताटातूट तिथे भेट.

सांगून सांगून माझा घसा बसला. पालथ्या घड्यावर पाणी. त्यात वहिनी त्याच्याच बाजूच्या. त्याची बायको म्हणजे आमची वहिनी घरी बसून शर्टांना काजं-बटणं करायची. बोटांत सुई आणि ओठांत दोरा, आणि तरी बोलणं चालूच. एकदा मी त्यांच्याकडे जेवायला होतो. घोड्यावरून आमची जुंपली, तर वहिनींनी माझ्या ताटात न विचारता भात वाढला आणि म्हणाल्या, "भावजी, लोकांचे नंबर काढता, एकदा स्वतःचाही काढून घ्या. घोडा परत आलाय." नवरा-बायको दोघंही एकसारखे अडाणी, असं म्हणून मी गप्प जेवलो. भात चांगला होता, हे कबूल करतो.

आणखी एक खोड सांगतो, म्हणजे माझा राग काही उगाच नाही हे कळेल. टीव्हीवर एखादा जुना पिक्चर लागला की आम्ही माझ्या घरी तो बघत बसायचो. शेवट जवळ आला की हा उठून गॅलरीत जाणार. दर वेळी. सगळं संपलं, पाट्या पडायला लागल्या की परत आत. मी म्हणायचो, अरे, डॉक्टरला दाखव, या वयात असं वारंवार उठणं बरं नाही. तो म्हणायचा, सवय आहे. मी समजायचो ते समजायचो. आमच्या हिने तर त्याच्यासाठी वैद्याकडून चूर्णही आणून ठेवलं होतं.

पण आमचं खरं वैर दिव्याच्या पिक्चरवरून.

पिक्चर असा. नदीकाठी एक म्हातारा आहे. होड्या लागतात तिथे खांबावर दिवा लावायचं त्याचं काम. मुलगा भांडून होडीत बसून गेलेला. पूल होतो, होड्या बंद होतात, दिव्याची गरज कोणालाच राहत नाही, पण म्हातारा रोज संध्याकाळी तेल घालून दिवा लावतो. लोक हसतात, सून चिडते, तेल महाग होतं. शेवटी एका संध्याकाळी म्हातारा दिवा लावतो, बराच वेळ पाण्याकडे बघतो, आणि स्वतःच फुंकर मारून विझवतो. घरी जातो. आतून कडी लावतो. कडीचा आवाज येतो आणि पिक्चर संपतो. मी गुरुवारी पाहिला, शेवटचा दिवस होता. अख्ख्या थिएटरमध्ये इतकी कमी माणसं होती की खोकला आला तर शेजारी नव्हताच, लांबून कोणीतरी वळून बघायचं.

बॅटरीचं म्हणणं काय? म्हणे म्हातारा फुंकर मारायला वाकतो आणि तेवढ्यात वल्ह्याचा आवाज येतो. होडी येते. मुलगा उतरतो, हात डोळ्यांवर धरतो आणि म्हणतो, "बाबा, दिवा जरा कमी करा, डोळ्यांवर येतोय."

असलं वाक्य त्या पिक्चरमध्ये नाही. कुठल्याच पिक्चरमध्ये नाही. पण हा ते इतक्या वेळा आणि इतक्या ठसक्यात म्हणायचा की एकदा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बॅटरी मारताना ते माझ्याच तोंडून निघालं. त्या दिवशी मला स्वतःचा जो संताप आला तो सांगण्यासारखा नाही. आणि पडताळायची सोय कुठे? पडेल पिक्चर, पुन्हा लागला नाही, टीव्हीवर आला नाही, कॅसेट निघाली नाही. वर्षानुवर्षं तो त्याची होडी वल्हवत राहिला आणि मी माझी कडी लावत राहिलो. वहिनी गेल्या तेव्हा मी काही दिवस हा विषय काढला नाही. तेराव्या दिवसानंतर त्यानेच काढला. खुर्चीत बसला आणि म्हणाला, "होडी आली होती." मी म्हणालो, "आज नको." तर म्हणाला, "का, आज तुझ्याकडे उत्तर नाही का?" मग मला बोलावंच लागलं.

आणि मग या कल्टवाल्यांना तो पिक्चर सापडला.

गावात एक फिल्म क्लब आहे. अध्यक्ष वकील आहेत, माणूस सभ्य, माझंच गिऱ्हाईक, जवळचं आणि लांबचं दोन्ही नंबर. त्यांनी कुठून तरी दिव्याच्या पिक्चरची नीट केलेली प्रत मिळवली आणि रविवारी सकाळी सभागृहात दाखवायचं ठरवलं. पाहुणा म्हणून बोलावलं बॅटरीला. त्या थिएटरच्या माणसांपैकी तोच उरलाय म्हणून. मला हे कळलं तेव्हा मला गुदगुल्या झाल्या. आता भर सभेत पडद्यावर कडी लागणार आणि बॅटरीला माझ्यासमोर तोंड मिटावं लागणार. मी हिला म्हणालो, रविवारी दुकान बंद. ही म्हणाली, कोणाचं लग्न आहे? मी म्हणालो, लग्नाहून मोठं आहे, तर हीही बरोबर निघाली.

सभागृह भरलं होतं. तरुण पोरं-पोरी, पुढच्या रांगेत पेन्शनर. बॅटरीने इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि त्याची मुलगी शेजारी बसली होती. ती पॅथॉलॉजीत रक्त काढते. सुई टोचायच्या आधी हमखास सांगते, "अजिबात दुखणार नाही, काका," आणि दुखतं. अध्यक्षांनी बॅटरीला माइकसमोर उभं केलं आणि आठवणी सांगायला सांगितल्या. हा काय करेल? घसा साफ केला आणि सरळ शेवट सांगितला. होडी, वल्ह्याचा आवाज, बाबा दिवा कमी करा, सगळं. सभागृहात एकच ओरडा झाला. अहो काका, स्पॉइलर. अध्यक्ष हसून म्हणाले, "शेवट नको होता सांगायला." बॅटरी म्हणाला, "चांगला शेवट आहे, कळला तरी काय बिघडतं?" आणि वाकून, कोणाचा पडदा न अडवता, जागेवर येऊन बसला.

मी पहिल्या भागात पिक्चर बघितलाच नाही. त्याच्याकडे बघत होतो. म्हटलं, बोल बाबा, आता जितकं बोलायचं तितकं बोल. हात दाखवून अवलक्षण करून घेतलंस.

मध्यंतरात चहा घेऊन वळलो तर मुलीने मला पाण्याच्या कूलरपाशी ओढून नेलं.

"काका, शेवटी होडी येत नाही ना?"

"नाही येत," मी म्हणालो. "आज तुझ्या बाबांना दिसेल."

"बाबांना बाहेर घेऊन जा. शेवटाच्या आधी. काहीही सांगा."

मी म्हणालो, का म्हणून? इतकी वर्षं त्याने माझ्या डोक्यावर मिरे वाटले, आणि आज माझी वेळ आली तर मी त्याला बाहेर नेऊ? तेव्हा तिने जे सांगितलं ते ऐकून माझ्या हातातला चहा गार झाला.

बॅटरीने नोकरीत असताना एकाही पिक्चरचा शेवट पाहिलेला नाही. कधी काळी त्या थिएटरात सुटताना चेंगराचेंगरी झाली होती. तेव्हापासून मालकाची सक्ती होती. शेवटचं रीळ चढलं की वर केबिनमधून घंटा व्हायची, आणि डोअरकीपरने बाहेर जाऊन सगळे दरवाजे उघडायचे, लोखंडी जाळी सरकवायची आणि सगळी माणसं बाहेर पडेपर्यंत तिथेच उभं राहायचं. दर खेळाला. घरच्यांसाठी पास एकच मिळायचा, तो वहिनींचा. वहिनी तीनच्या खेळाला जायच्या आणि रात्री जेवताना त्याला शेवट सांगायच्या. म्हणजे घोडा, छत्री, होडी, सगळं वहिनींचं.

"मग वहिनींनी तरी नीट सांगायचं," मी म्हणालो. मी चिडलोच होतो.

"आईनेही नाही पाहिले, काका." ती हसली, पण डोळे भरले होते. "माझी शाळा सुटायची ना. पिक्चर संपायच्या आधी सुटायची. आई मधूनच उठून यायची आणि शाळेच्या दारात मला घ्यायला उभी असायची. मी दुसरीत असताना विचारलं होतं तिला, तू तर इथे होतीस, मग बाबांना शेवट कसा सांगितलास? तर माझ्या तोंडावर हात ठेवला तिने. म्हणाली, बाबांना सांगशील तर बघ. त्यांनी दिवसभर दारं उघडायची आणि घरी येऊन काय ऐकायचं, मेला म्हणून?"

आता मला सांगा, या घराला काय म्हणायचं. नवरा शेवट बघू शकत नाही म्हणून बायकोवर अवलंबून, बायको शेवटाआधी शाळेत पळणार, आणि दोघं मिळून माझ्याशी भांडणार. ज्याने तिकीट काढून, खुर्चीत बसून, पाट्या पडेपर्यंत पिक्चर पाहिला तो मी एकटा, आणि नंबर मी काढून घ्यायचा. आणि आता ऐन घास तोंडाशी आला तेव्हा ही पोर म्हणते, खाऊ नका.

"बाबांना आता आईचं एवढंच राहिलंय," ती म्हणाली. "एक शेवट खोटा ठरला की मग सगळेच खोटे ठरतील."

दुसरा भाग सुरू झाला. मी कसा बसलो होतो ते माझं मला माहीत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. वहिनींचा राग, पोरीचा राग, पिक्चर शोधून काढणाऱ्या अध्यक्षांचा तर सगळ्यात जास्त. कोणी सांगितला होता नसता उद्योग? पडद्यावर पूल बांधून झाला. सून तेलाची बाटली लपवते तो भाग आला. मी बॅटरीच्या कानाशी लागलो.

"चल बाहेर. मला बरं वाटत नाही."

"काय होतंय?"

"छातीत."

"पोरीला घेऊन जा, तिला कळतं," तो म्हणाला आणि पडद्यावरून नजर हलवली नाही.

मी पलीकडे बसलेल्या आमच्या हिला सांगितलं तर ती माझी नाडी बघायला लागली. इतक्यात म्हातारा शेवटचा दिवा घेऊन नदीवर निघाला, आणि माझ्या शेजारी बॅटरी उठला. घंटा नव्हती, केबिन नव्हती, पण अंग उठलं. हात खिशाकडे गेला. मी मनात म्हणालो, जा, बाबा, जा, दारं उघड. तो अर्धवट उभा राहिला, दाराकडे बघितलं. तिथे क्लबचा कोणीतरी तरुण उभा होता. बॅटरी परत खाली बसला.

"आज दार दुसऱ्याकडे आहे," तो हळूच म्हणाला.

म्हाताऱ्याने दिवा लावला. पाण्याकडे बघितलं. फुंकर मारली. घरी गेला. कडी वाजली.

सभागृहात दिवे लागले तसं मागून कोणीतरी म्हणालं, "काका, होडी कुठे राहिली?" आणि हशा पिकला. वाईट हेतूने नसेल, पोरं हसतात. पण मला वाटलं एकेकाचा चष्मा काढून घ्यावा. मुलगी मान खाली घालून बसली होती. बॅटरी उभा राहिला. शर्ट नीट केला.

"शेवट कापलाय," तो म्हणाला.

आणखी हशा. अध्यक्षांनी माइक घेतला. अतिशय नम्रपणे सांगितलं की ही प्रत दिग्दर्शकाच्या घरातून मिळाली आहे, पूर्ण आहे, एक फूटसुद्धा कमी नाही. आठवणी कधी कधी आपल्याला फसवतात, असंही म्हणाले. माणूस बरोबर होता, आणि म्हणूनच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बॅटरी तसाच उभा, आजूबाजूला दात दिसतायत, आणि त्याच्या बाजूने बोलायला कोणी नाही. मी उठलो. काय बोलणार ते मला ठाऊक नव्हतं.

"कापलाय," मी म्हणालो. "मी पाहिलाय तो. गुरुवारी, समोरच्या थिएटरात. होडी येते. मुलगा उतरतो, डोळ्यांवर हात धरतो आणि म्हणतो, बाबा, दिवा जरा कमी करा, डोळ्यांवर येतोय. मी पाहिलंय. इथे बसलेल्या निम्म्या लोकांच्या नाकावर माझा चष्मा आहे. माझ्या नजरेबद्दल ज्याला शंका असेल त्याने आत्ता तो काढून माझ्या हातात द्यावा."

कोणीही चष्मा काढला नाही. सभागृह गार. अध्यक्ष विचारात पडले, म्हणाले की वेगवेगळ्या ठिकाणी वेगळ्या प्रती जात असत हे खरं आहे, आणि दोन प्रत्यक्षदर्शी असतील तर ही फार महत्त्वाची गोष्ट आहे. टाळ्या पडल्या. मी खाली बसलो. आमची ही माझ्याकडे असं बघत होती की जणू मी दुसऱ्याच कोणाचा नवरा आहे. तिने आमच्या घरात ती कडी जितक्या वेळा ऐकली आहे तितक्या वेळा कुकरची शिट्टीही ऐकली नसेल.

बाहेर पडलो तर डोक्यावर ऊन. मुलगी स्कूटर काढायला गेली, ही तिच्याबरोबर गेली. आम्ही दोघं पायऱ्यांवर. बॅटरी बाहेर पडणाऱ्या माणसांकडे बघत होता, एकेकाच्या तोंडाकडे, सवयीने. सगळे गेले तेव्हा म्हणाला, "खोटं का बोललास?"

"मी खोटं बोललो?"

"होडी आली नव्हती. तुला चांगलं ठाऊक आहे."

तो शांतपणे सांगायला लागला. "अरे, जन्मभर दारात उभा होतो मी. शेवट मी पडद्यावर नाही बघितले, लोकांच्या तोंडावर बघितलेत. होडी आली की माणसं बोलत बाहेर पडतात. एकमेकांना ढकलतात, रिक्षावाल्याशी भाव करतात. त्या आठवड्यात एक माणूस बोलला नाही. एक आजोबा छत्री राहिली म्हणून परत आत गेले, आणि छत्री त्यांनी आणलीच नव्हती. आणि गुरुवारी तू आलास. चष्मा पुसत पुसत. मी म्हणालो, कसा होता? तू माझ्याकडे बघितलंस, ओळखलं नाहीस, आणि तसाच दुकानाकडे गेलास. शटर उलट्या बाजूने उघडायला लागलास. मला तेव्हाच कळलं की होडी आली नाही."

"आणि वहिनींनी..."

"रात्री तिने वाढता वाढता होडी आणली. दिवसभर दारात रडकी तोंडं बघून घरी गेलो, तर ताटावर होडी आली. मी कशाला नको म्हणू? सगळेच शेवट तिचे होते. पहिल्या वर्षीच कळलं होतं मला."

"त्यांना माहीत होतं, तुला कळलंय ते?"

"छे. तिला वाटायचं, मला खरं वाटतं. वाटू दिलं."

आता माझा संताप बघा. म्हणजे घोडा विकला हे याला माहीत. थोरली परत आली नाही, हे माहीत. इतकी वर्षं माझं बरोबर आहे हे पुरतं माहीत असून हा माझ्या खुर्चीत बसून, माझा चहा पिऊन, माझं डोकं पिकवत होता. मी म्हणालो, "मग माझ्याशी का भांडलास रे? माझं रक्त का आटवलंस?"

"मग कोणाशी भांडू?" तो म्हणाला. "तिचे शेवट कोणाला सांगू? एखाद्याला सांगितला तर तो हो म्हणतो आणि विसरतो. तू कधी हो म्हणाला नाहीस. म्हणून मला रोज सांगता आला."

"मग आज? आज सगळ्यांसमोर उभा राहून कापलाय म्हणायची काय गरज होती?"

त्याने रस्त्याकडे मान केली. मुलगी स्कूटर घेऊन येत होती. "तिच्यासाठी," तो म्हणाला. "तिला वाटतं मला माहीत नाही. लहानपणापासून आईचं एक गुपित सांभाळून आहे ती. आज तिच्यासमोर मी कसा म्हणू, की मला ठाऊक होतं? आणि तू मध्ये पडशील हे मला काय माहीत? चांगला जिंकला होतास की तू."

म्हणजे बघा. मी माझी जन्माची कमाई भर सभेत उधळली, आणि ज्याच्यासाठी उधळली त्याला तिची गरजच नव्हती. मी काही बोलणार इतक्यात मुलगी जवळ आली. बॅटरीने आवाज बदलला. "बघितलंस, तुझी आई बरोबर होती. आज चष्मेवाल्यालासुद्धा कबूल करावं लागलं." तिने माझा दंड धरला आणि जरा वेळ धरूनच ठेवला. त्यामुळे मला गप्प बसावं लागलं.

पुढचं तर ऐका. फिल्म क्लबच्या अंकात छापून आलं की या पिक्चरला दुसरा, आनंदी शेवट होता, आणि तो पाहिलेले दोन विश्वासू साक्षीदार हयात आहेत. खाली माझं नाव, दुकानाच्या पत्त्यासकट. लांबलांबून पोरं दुकानात येतात. चष्मा नको असतो, होडी हवी असते. मी त्यांना हाकलतो. बॅटरी मागून बोलावतो, बसवतो, चहा पाजतो आणि सांगतो. ते लिहून घेतात. आता आणखी काही वर्षांनी लोक म्हणतील की खरा शेवट तोच.

परवा दुपारी बॅटरी आला. खुर्चीत बसला. मी काचेच्या कडा घासत होतो. म्हटलं, आता तरी हा विषय संपला असेल. दोघांनाही सगळं ठाऊक आहे, आता भांडायचं काय उरलं? खुर्चीत नेहमीपेक्षा जरा लहान दिसत होता. चहा आला, तो निवला, तरी तो गप्पच. मला ते बघवेना.

मी मशीन बंद केलं. "होडी आली नव्हती," मी म्हणालो.

त्याने मान वर केली.

"आली होती," तो म्हणाला. "तू स्वतः उभा राहून सांगितलंस."

"मी असं काही बोललो नाही."

"छापून आलंय. नावासकट."

"छापणारे गाढव आहेत. म्हाताऱ्याने फुंकर मारली, घरी गेला, कडी लावली."

"फुंकर मारायला वाकला," बॅटरी म्हणाला आणि पुढे सरकून बसला, "तेवढ्यात वल्ह्याचा आवाज आला."

मी त्याला सांगितलं की तुझ्यासारखा हट्टी आणि अडाणी माणूस मी जन्मात पाहिला नाही, आणि आणखी दोन चहा सांगितले.